संपर्क क्रमांक

फोन आला तेव्हा मी एका बाईंचा उत्पन्नाचा दाखला अपलोड करत होतो. दोन तास बंद पडलेला सर्व्हर नुकताच शुद्धीवर आला होता, दुकानात सात-आठ जण उभे होते आणि आपलंच काम आधी व्हावं असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. नंबर अनोळखी होता. मला दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी फोन येतात, म्हणून मी तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. "राजशेखर सर का? मी मलकापूरहून डॉक्टर शाहिस्ता बोलतेय, जनावरांच्या दवाखान्यातनं. तुमचं कुत्रं सापडलंय इथं. तांबूस रंग, डावा कान थोडा चिरलेला. मानेत चिप होती, त्यावरनं तुमचा नंबर मिळाला." आवाज तरुण होता आणि खुशीत होता. चांगली बातमी आपल्या तोंडून जातेय म्हटल्यावर माणसाचा होतो तसा. मी माऊसवरचं बोट न उचलता म्हणालो, "माझ्याकडं कुत्रं न्हाय. रॉन्ग नंबर." ती म्हणाली, "पण इथं नाव तर..." मी म्हणालो, "नसंल ओ, चुकून लागलाय," आणि फोन ठेवला. दाखला अपलोड झाला. बाईंनी पोच घेतली, पदरात बांधावी तशी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मी "पुढचे या" म्हणालो. पुढचे आले.

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सोळा वर्षं मी लोकांची नावं, जन्मतारखा आणि पत्ते टाइप करतोय. प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असतो, संपर्क क्रमांक. त्या क्रमांकावर ओटीपी येतो आणि तो टाकल्याशिवाय फॉर्म इंचभर पुढं सरकत नाही. आपल्याकडं होतं काय, की माणूस माझ्यासमोर आणि त्याचा फोन घरी. नाहीतर फोन खिशात आणि रिचार्ज संपलेला. नाहीतर फोन सुनेच्या ताब्यात आणि सून माहेरी. मग माणूस म्हणतो, "तुमचाच घाला की ओ, तुम्ही काय परकं हाय व्हय?" आणि मी घालतो. मागनं बदलू म्हणतो, मागनं कुणी बदलत नाही. त्यामुळे आज अर्ध्या पेठेचं आयुष्य माझ्या खिशात थरथरत असतं. कुणाचं सिलिंडर निघालं, कुणाच्या नातीचं ॲडमिशन झालं, कुणाची पेन्शन अडकली, हे त्या घराच्या आधी मला कळतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. चारचौघांत कुणी म्हणालं, "सगळ्यांचा नंबर म्हणजे आमचा राजशेखर," की मी उगाच चष्मा पुसायचो. पण त्या मंगळवारी फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्या सवयीनं मला बरोबर पकडलंय. कारण ते कुत्रं आमच्याच घरातलं होतं, आमच्या अक्काचं होतं, गुंड्या त्याचं नाव. आणि आदल्या शुक्रवारी मीच त्याला माझ्या व्हॅनमधून नेऊन मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरी रस्त्यावर सोडून आलो होतो. सोडताना त्याच्या गळ्यातला पट्टा काढून घ्यायचं मला सुचलं. पट्ट्यावर नाव होतं ना. कातड्याखालच्या चिपचं मात्र सुचलं नाही, आणि तिचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला होता.

अक्का म्हणजे गौराबाई, माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, म्हणजे मला आई आठवते ती अक्काच्याच चेहऱ्याची. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आमचं गाव. घरात मराठी, पण लाडाचं आणि रागाचं बोलणं कानडीत. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ती न्हाऊ घालायची तेव्हा तम्मा, झोडपायची तेव्हाही तम्मा. तिचं लग्न गावातच झालं, मूलबाळ झालं नाही, नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. एकोणीसच्या पुरात पाणी छपराला टेकलं तेव्हा ती स्लॅबवर बसून राहिली, मांडीवर चार महिन्यांचं पिल्लू घेऊन. बोटवाले म्हणत होते माणसंच घेणार. मी इथून फोनवर ओरडत होतो, "अक्का, कुत्रं ऱ्हाऊ दे, तू ये." ती म्हणाली, "ह्याला ठिवून? तुला ठिवून गेलते का मी कुठं?" शेवटी बोटवाल्यांनीच हात टेकले. पिल्लाला घमेल्यात घालून, घमेलं डोक्यावर घेऊन ती बोटीत बसली. एकवीस साली पुन्हा पाणी आलं. तेव्हा मात्र मी ऐकलं नाही, तिला आणि गुंड्याला साने गुरुजी वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. चार वर्षं झाली. सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालं की बहिणीला सांभाळतोय.

चिप बसवली ती दोन वर्षांपूर्वी. प्राणी सांभाळणाऱ्या एका मंडळानं एका शाळेच्या पटांगणात शिबिर घेतलं होतं आणि फॉर्म भरायला, अर्थातच, मला बसवलं होतं. रांगेत पन्नासेक कुत्री, मांजरं, एक ससासुद्धा. अक्का नऊवारीचा काष्टा आवळून, गुंड्याला कवेत धरून उभी होती. तिथला डॉक्टर बोलका होता. सांगत होता की पूर्वी काही ठिकाणी कुत्र्यांच्या कानात आतल्या बाजूला नंबर गोंदायचे, पण गोंदण पुसट होतं, आणि पट्टा तर काय, कुणीही काढून टाकतो. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी, मरेपर्यंत आत राहते. गोंदणाचं नाव निघाल्याबरोबर अक्कानं पदर सारून त्याला आपला डावा हात दाखवला. कोपराच्या खाली हिरव्या, पसरलेल्या अक्षरांत लिहिलंय, राजू. नरसोबाच्या वाडीला जत्रेत मावशीनं आम्हाला नेलं होतं, मी तीन वर्षांचा, अक्का बारा. तिथं गोंदणारीसमोर हिनं हात पुढं केला. "ह्यो हरवला तर मला सांगता याया पायजे की, ह्या नावाचा हाय म्हणून," ती डॉक्टरला म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. रांगेतली माणसं हसली. डॉक्टर म्हणाला, "आजी, पण नाव त्यांच्या हातावर गोंदायचं ना, तुमच्या नव्हे." अक्का म्हणाली, "हरवलेल्याला कशाला तरास? शोधणारी मी." मी मान खाली घालून टाइप करत होतो. माझे कान तापले होते, आणि मला आवडलंही होतं. सुई चांगली जाड होती, गुंड्या हललासुद्धा नाही, अक्काच्या पोटात तोंड खुपसून राहिला. संपर्क क्रमांकाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "तुझाच घाल. माझा फोन कुठं असतोय ते मला ठावं न्हाय." मी घातला. शेजारी माझं नावही. त्या दिवशी पन्नासातल्या अठरा जनावरांना मी माझा नंबर घातला.

आता कुणीही विचारेल की मग का सोडलं? मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन बघितलीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार आली होती, हे खरं आहे. विद्याश्रीला, माझ्या बायकोला, दम्याचा त्रास आहे आणि केस उडतात म्हणून ती वैतागायची, हेही खरं आहे. ती तोंडावर बोलायची, "वन्सं, मला हे कुत्रं घरात चालत न्हाय, सांगून ठेवते," आणि अक्का तोंडावर सांगायची, "मग माझं बी चालणार न्हाय." दोघींचं हे चार वर्षं चाललं होतं आणि त्यातून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मला कुणीही, कधीही म्हणालं नव्हतं की त्याला नेऊन सोड. खरं कारण सांगायचं तर ते इतकं बारीक आहे की पन्नाशीच्या माणसानं ते उच्चारू नये. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी दाढी करत होतो. गॅलरीतून अक्काची हाक आली, "बारो तम्मा, ऊटा माडू." ये रे तम्मा, जेवून घे. कितीतरी वर्षांनी ती हाक मी ऐकली. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून मी गॅलरीत गेलो. ती खाली बसून दुधात भाकरी कुस्करत होती आणि गुंड्या तिच्या गुडघ्याला अंग घासत होता. तिनं वर बघितलं. "तू न्हवं रे," ती म्हणाली आणि मोकळेपणानं हसली, "तुझं जेवान तुझी बायकू बघती की आता." मीही हसलो. परत आरशासमोर आलो आणि उरलेला गाल खरवडला. तिच्या मनात काही नव्हतं, ती तशीच आहे. पण त्या दिवसापासून ते कुत्रं पायात आलं की मी जरा जास्तच जोरानं पाय बाजूला करायला लागलो. कुणी बघत नसताना.

त्या शुक्रवारी मी तिला सांगितलं की ह्याला वर्षाचं इंजेक्शन देऊन आणतो. तिनं कागदात एक भाकरी बांधून दिली. "सुई टोचली की त्याला खायाला लागतंय, ध्यानात ठेव." गुंड्याला व्हॅन आवडायची. मागच्या सीटवर उभा राहून खिडकीच्या फटीला नाक लावायचा. केर्ली गेलं, बांबवडे गेलं, आणि वाटेत दोनदा मी गाडी वळवणार होतो. वळवली नाही एवढंच. मनाशी म्हणत होतो की पुढच्या गावात वळवू, जसं मी गिऱ्हाइकांना म्हणतो मागनं बदलू. मलकापूरच्या अलीकडं एका ओढ्याजवळ थांबलो, दार उघडलं, तो उडी मारून उतरला, एका दगडावर पाय वर केला. मी पट्टा सोडवला. भाकरी लांब टाकली, म्हणजे तो तिकडं जाईल. अक्काच्या हातची भाकरी. तो गेला, ती तोंडात धरली, आणि खाण्याऐवजी ती घेऊन व्हॅनच्या मागच्या दाराशी येऊन बसला. दार उघडायची वाट बघत. घरी जाऊन खायची असेल. मी पुढून चढलो आणि गाडी सुरू केली. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलं. तो पळाला नाही. बसूनच होता. गाडी पुढं घेऊन मी फिरवीन असं त्याला वाटलं असावं, कारण घरी मी पार्किंगमध्ये तसंच करतो. मी फिरवली आणि त्याच्या शेजारून कोल्हापूरकडं निघून आलो.

घरी येऊन पट्टा अक्काच्या हातात दिला आणि म्हणालो की पंचगंगेच्या घाटावर पट्ट्यातून मान काढून पळाला. ती रडली नाही. चप्पल घालून निघाली. माझी कल्पना होती की दोन दिवस हळहळेल आणि मग माझ्या मागं लागेल, दुसरं आण म्हणून. पण चार दिवस ती घाटावर, गंगावेशीत, पार शिवाजी पुलापर्यंत फिरत होती आणि म्हशी धुणाऱ्यांना, फुलवाल्यांना विचारत होती, "पावणं, तांबडं कुत्रं बघिटलं का? कान जरा फाटलाय." आणि तिच्याबरोबर कोण होतं? विद्याश्री. तोंडाला रुमाल बांधून, गुडघा दुखत असताना. तिनं गुंड्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. मी म्हणालो, "तुला तर ते नको होतं." ती म्हणाली, "नको होतं म्हणजे मरावं असं न्हवतं वाटत. मी काय राक्षस हाय?" मला वाटतं त्या वेळी मी हसण्यासारखं काहीतरी केलं.

मंगळवारी, तो फोन ठेवून मी घरी गेलो, तेव्हा जेवणात अक्कानं भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला होता. पण चेहरा तिचा बराच सावरलेला होता, आणि त्याचं कारण तिनं लगेच सांगितलं. "मी आज इचार केला, तम्मा. मी उगंच जीव टाकाय लागलोय. त्याच्या मानंत चिप हाय न्हवं? कुणाला बी घावलं तरी तुला फोन येणार. सरकारी काम न्हाय की यायला सहा म्हैनं लागतील. आज न्हाय उद्या येतोय." विद्याश्री वाढता वाढता म्हणाली, "तेच म्हणते मी. तुम्ही जरा अनोळखी नंबर उचलत चला. तुम्हाला सवय हाय कट करायची." मी म्हणालो, "उचलतो की." अक्काला खात्री होती आणि ती खात्री माझ्यावर होती. मंडळावर नव्हे, चिपवर नव्हे. चिपमध्ये माझा नंबर आहे यावर. कुणी माझ्यावर संशय घेतला असता तर मी चिडलो असतो, भांडलो असतो, आणि भांडणात माणसाला जरा बरं वाटतं. इथं भांडायला कुणी नव्हतं. पानावरून उठून मी बेसिनशी हात धुवत राहिलो, विद्याश्रीनं नळ बंद करेपर्यंत.

बुधवारी मी फोन केला नाही. हे मी लिहून ठेवतोय, कारण इतर कशाहीपेक्षा मला तो बुधवार जड जातो. शुक्रवारी जे केलं ते एका हेक्यात केलं, मंगळवारी तोंडून गेलं ते गर्दीत गेलं, असं म्हणता येईल. बुधवारी दुकानात दुपारभर कुणी नव्हतं. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये होता. मी तो तीनदा उघडला. केला तर काय सांगायचं, काल मी खोटं बोललो? नाही केला तर तिकडं ते कुत्रं एखाद्या पिंजऱ्यात बसलेलं असणार. मनात असंही आलं की कदाचित कुणीतरी नेलं असेल, एखाद्या शेतावर, तिथं त्याला मोकळं फिरायला मिळत असेल. अशी शेतं आपण फार सहज तयार करतो. चार वाजता एक माणूस शेतजमिनीचा उतारा काढायला आला आणि मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

गुरुवारी सकाळी अक्कानं मला विचारलं, "फोन चालू हाय न्हवं तुझा?" तेवढंच. मी जिन्यात जाऊन नंबर लावला. डॉक्टर शाहिस्ता म्हणाल्या, "हो, आहे अजून. पण खात नाही काही. पायाला लागलंय. आमच्याकडं ठेवायची सोय नाही सर, उद्या सोडावंच लागणार होतं." मग जरा थांबून, "तुम्ही तर म्हणाला होता तुमच्याकडं कुत्रं नाही." मी म्हणालो, "बहिणीचं हाय. दुकानात गर्दी होती, ध्यानात आलं न्हाय." त्या "हां हां" म्हणाल्या. घरात येऊन मी अक्काला सांगितलं की फोन आला. आला म्हणालो, केला नव्हे. ती जागच्या जागी खाली बसली आणि दोन्ही हात जमिनीला लावून तिनं नमस्कार केला. कुणाला केला कोण जाणे, पण तोंड माझ्याकडं होतं. बरोबर येते म्हणाली. मी म्हणालो, नको, रस्ता खराब आहे, तुझी कंबर धरेल.

दवाखाना लहान होता, कौलारू, दारात गाई-म्हशींसाठी लोखंडी खोडा. डॉक्टर पंचविशीच्या असतील, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायात गमबूट. त्यांनी मला आधी एका कागदावर मालकाची सही करायला लावली आणि मग सांगितलं, "स्टँडवरच्या चहावाल्यानं आणलं. तीन दिवस तिथंच होतं म्हणे. पांढरी व्हॅन दिसली की जीव खाऊन मागं पळायचं. एकीच्या चाकाला धडकलं, म्हणून पाय." हे सांगताना त्या दाराबाहेर बघत होत्या. बाहेर माझी व्हॅन उभी होती. ती पांढरी आहे. त्यांनी मलमाची ट्यूब एका पिशवीत घातली, वर चिठ्ठी ठेवली, चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहिला. "काही वाटलं तर फोन करा," म्हणाल्या. मग आतून गुंड्या आला, तीन पायांवर. मी मनाची तयारी करून गेलो होतो की तो गुरगुरेल, अंग चोरेल, ओळख दाखवणार नाही. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला बघितलं आणि सगळं अंग वाकडंतिकडं करत, कुईकुई करत माझ्या पायांत पडला. माझे हात चाटले. तेच हात. व्हॅनचं दार उघडलं तेव्हा मात्र तो जमिनीला पोट लावून बसला आणि त्याला तिथंच लघवी झाली. मी उचलून आत ठेवला. त्या ओढ्यापाशी आलो तेव्हा मी गाडीचा वेग वाढवला. तो सीटवर उभा राहिला नाही, खिडकीला नाक लावलं नाही. सीटच्या खाली शिरून, माझ्या पाठीमागं, सगळा रस्ताभर थरथरत राहिला. मी रडलो. गाडी चालवताना रडता येतं, समोर बघायचं असल्यामुळे कुणाला तोंड दाखवावं लागत नाही.

पुढचे दोन दिवस माझं कौतुक झालं. अक्कानं मीठ-मिरच्या घेऊन आधी गुंड्याची दृष्ट काढली आणि मग, मी नको नको म्हणत असताना, माझी. जिन्यात जो भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या तम्मानं हुडकून आणलं. मलकापुरातनं." सोसायटीचे चेअरमन हंबीरराव, ज्यांनी मीटिंगमध्ये तक्रार वाचली होती, तेसुद्धा पेढा खाऊन गेले. जाताना म्हणाले, "पर राजशेखर, घाटावरनं मलकापूरपातूर ते गेलं कसं म्हणायचं? पन्नास किलोमीटर हाय की." मी म्हणालो, "ट्रकात चढलं असंल, भाजीच्या." हंबीरराव म्हणाले, "असंल, असंल." अक्का गुंड्याच्या पायाला मलम लावत होती. तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी ती त्याला खाली फिरायला घेऊन गेली, आणि मी गॅलरीतून बघत होतो. पार्किंगमधून जाताना माझ्या व्हॅनपासून तो लांबून, भिंतीला घासून गेला. अक्का थांबली. तिनं व्हॅनकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मग त्याला उचलून घेतलं, एवढं मोठं कुत्रं, आणि कंबर वाकवत पलीकडं घेऊन गेली. त्या दिवशी जेवताना मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. पहिल्यांदा विद्याश्रीनं आमटी वाढली. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, तरी मी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास अक्का दुकानात आली. चार वर्षांत ती कधी आली नव्हती, रस्ता तिनं विचारत विचारत काढला असणार. मी म्हणालो, "अक्का, काय झालं? आत ये की." ती म्हणाली, "माणसं हायत न्हवं पुढं. माझी पाळी आली की येतो." आणि ती रांगेत उभी राहिली, तिसरी. पिशवी पोटाशी धरून. मी दोघांची कामं कशी केली मला माहीत नाही, एकाचा पिनकोड चुकवला. मग ती समोरच्या खुर्चीत बसली, जिथं सगळे बसतात.

"फॉर्म भरायचा हाय एक," ती म्हणाली.

"कसला?"

"चिपमदला नंबर बदलायचा. बदलतोय न्हवं?"

मी म्हणालो, बदलतो. ती म्हणाली, "काल त्या डॉक्टरीणबाईला फोन केलता. विद्याश्रीनं लावून दिला. म्हटलं, पोरीनं एवढं केलं, चार शब्द बोलावं. लई गुणाची हाय. म्हणाली, आजी, मी मंगळवारीच तुमच्या भावाला सांगिटलंतं." तिचा आवाज नेहमीचाच होता, जरा मोठा, आजूबाजूला ऐकू जाईल एवढा. "आन म्हणाली, पांढरी व्हॅन दिसली की त्येच्या मागं पळत हुतं."

माझ्या मागं पंखा फिरत होता. मी म्हणालो, "अक्का, मी..." माझ्याकडं पुढचं सगळं वाक्य होतं. गॅलरी, साबण, ओढा, भाकरी. मी ते बोलणार होतो, दुकानातल्या माणसांसमोर बोलणार होतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मागं माणसं ताटकळल्यात. भर तू."

मी मंडळाचं पान उघडलं. प्राण्याचं नाव, गुंड्या. रंग, तांबूस. मालकाचं नाव, गौराबाई. नवीन संपर्क क्रमांक. मी विचारलं, "तुझा घालू?"

"माझा नगं. मला वाजल्यालं ऐकू येत न्हाय. विद्याश्रीचा घाल."

"तिला तर कुत्रं..."

"न्हाय आवडत तिला," अक्का म्हणाली. "पर आलं तर आलं म्हणून सांगंल."

विद्याश्रीचा नंबर मला पाठ आहे, तरी मी तो दोनदा चुकलो. मग खाली एक रकाना आला, तो भरल्याशिवाय पान पुढं जात नव्हतं. मी तिला सांगितलं की जुना नंबर का बदलायचा त्याचं कारण द्यावं लागतंय.

"काय काय लिहिलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं. मालक बदलला. फोन हरवला. नंबर बंद झाला. इतर.

ती थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही. "बंद झाला म्हणून लिही," ती म्हणाली.

मी त्यावर खूण केली. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली, आणि मागच्या माणसाला खुर्ची दाखवत म्हणाली, "बसा, पावणं."